फाटकावरची घंटा

तिला वेळ विचारायची चूक नवखाच माणूस करी. ती मनगटाकडे बघून बेधडक सांगायची, "सकाळचे आठ," आणि विचारणारा भर दुपारी घाम पुसत उभा! घड्याळ बिघडलेलं नव्हतं. ते कंपनीच्या मुख्य कचेरीच्या वेळेवर लावलेलं होतं, आणि ती कचेरी होती समुद्रापलीकडे, दुसऱ्याच देशात. इकडचे साडेबारा म्हणजे तिकडचे आठ. नोकरीला लागल्यापासून ती या दुसऱ्या वेळेवर जगत आली होती. जेवता जेवता मध्येच म्हणायची, "आता उठले असतील." नवरा विचारायचा, "कोण?" तर म्हणे, "अध्यक्ष." सासूबाई तर शेजारणीला सांगून मोकळ्या झाल्या होत्या, "आमची सून नांदते इथे, जागते तिथे."

कंपनी लिफ्ट बनवायची. कारखाना तिकडे, मालक तिकडे, पण शेअर इकडच्या बाजारातही विकले जायचे. म्हणून इकडे एक कचेरी ठेवावी लागली होती. कचेरी कसली, एका जुन्या इमारतीतल्या दोन खोल्या. एकीत कपाटं, दुसरीत समोरासमोर दोन टेबलं, एक तिचं आणि एक हिशेबनिसाचं. भिंतीवर दोन घड्याळं, एक इकडचं, एक तिकडचं. तिचं काम असं की कंपनीनं तिकडे काही जाहीर केलं की तेच इकडच्या बाजारात जाहीर करायचं आणि खाली आपली सही ठोकायची. मुख्य कचेरीतले लोक तिला टपालपेटी समजायचे, वरून टाकलं की खालून निघालं. हिशेबनीस मुलखाचा खवचट. त्यानं तिचं नावच पाडलं, पोस्टमास्तरीण. ती रागावली नाही. म्हणाली, "पोस्टात निदान पत्र वेळेवर तरी येतं हो. इथे तेही नाही."

तिच्या कामातला नियम काही डोक्यावरून जाण्यासारखा नाही. घरी पाहुणा आला की आपण त्याला घरचे सगळे नियम लावतो का? नाही. तो उशिरा उठला तरी आपण गप्प बसतो. परदेशी कंपनी म्हणजे बाजारातली पाहुणी. इकडच्या कंपन्यांना जितके अहवाल द्यावे लागतात तितके तिला द्यावे लागत नाहीत. तिच्या देशात जे कागद चालतात तेच इकडेही चालवून घेतात. ही झाली सवलत. पण सवलतीला एक अट होती. जे तुम्ही आपल्या घरी सांगाल, ते इथेही सांगा, आणि इथल्यांना उशिरा नको. घरच्यांच्या कानात एक आणि आमच्याशी नंतर, हे चालायचं नाही. बाजारावर देखरेख करणारं मंडळ या एका अटीवर फार कडक होतं. तीनदा मोडली की सवलत गेली.

आणि पोस्टमास्तरणीच्या कंपनीनं ती दोनदा मोडून ठेवली होती.

त्यात कुणाची लबाडी नव्हती, म्हणून तर गाडं अडलं होतं. लबाड माणसाला पकडता येतं. भल्या माणसाचं काय करणार? कंपनी काढली होती एका मिस्त्रीनं. त्यानं पहिल्या कामगारांना शब्द दिला होता की कारखान्याची बरी-वाईट बातमी तुम्हाला पेपरातून कळणार नाही, माझ्या तोंडून कळेल. तेव्हापासून रिवाजच पडला. मोठी बातमी असली की सकाळी पाळी सुरू होताना सगळ्यात जुना कामगार फाटकावरची घंटा वाजवतो, मालक लाकडी बाकावर चढतो आणि सांगतो. आधी फाटक, मग जग. मिस्त्रीचा नातू आता अध्यक्ष होता, सत्तरी ओलांडलेला. इकडे त्याला पाठीमागे सगळे आजोबाच म्हणायचे. आजोबांनी आयुष्यात एकदाही फाटक चुकवलं नव्हतं.

पण फाटकावर आठ वाजता सांगितलेली बातमी इकडे साडेबाराला, ऐन चालू बाजारात, कुणाच्या तरी मेव्हण्याच्या फोनवर येऊन पडायची. पोस्टमास्तरणीकडे कागद यायचा त्यानंतर तासाभरानं, कारण तिकडचा सचिव आधी टाळ्या वाजवायचा, मग चहा प्यायचा आणि मग टेबलाशी बसायचा. मागच्या वेळी नफा घटल्याची बातमी होती. त्या मधल्या तासात ज्यांना कळलं त्यांनी शेअर विकून टाकले. घेतले कुणी? ज्यांना काहीच कळलं नव्हतं त्यांनी. त्यांच्यात होते तिच्या घराखालीच, तळमजल्यावर राहणारे शिंपीकाका. तासाभरानं भाव कोसळला. शिंपीकाकांनी तिच्याशी बोलणं टाकलं. त्यांना वाटलं, हिला सगळं माहीत होतं आणि हिनं आपल्याला बुडू दिलं. खरं तर तो तासभर तिलाही काही कळलं नव्हतं. पण हे सांगणार कसं? "अहो काका, मला काहीच माहीत नसतं," असं म्हणणं म्हणजे स्वतःच्याच तोंडानं आपण टपालपेटी असल्याची कबुली देणं. ती जिन्यात त्यांना बघून मान खाली घालायची. फार लागलं होतं तिला ते.

तिनं तिकडे पत्रांवर पत्रं पाठवली. त्यात कलमं होती, उपकलमं होती, मंडळाच्या दोन्ही ताकिदींच्या नकला होत्या. बातमी आमच्याकडे एक तास आधी पाठवा, म्हणजे फाटकाच्या आधी जाहीर करता येईल. उत्तर यायचं एका ओळीचं, "अध्यक्ष म्हणतात, कामगार आधी." हिशेबनीस म्हणायचा, "सोडा हो. पालथ्या घड्यावर पाणी."

आता इथे सासूबाईंची गोष्ट सांगायलाच हवी, नाहीतर पुढचं कळायचं नाही. तिचे सासरे लिफ्टमन होते. शहरातल्या एका जुन्या उंच इमारतीत आयुष्यभर स्टुलावर बसून माणसं वर-खाली नेली त्यांनी. लिफ्ट याच कंपनीची. कंपनीचे शेअर इकडे विकायला निघाले तेव्हा त्यांनी साठवलेल्या पैशातून थोडे घेतले. म्हणाले, "हिनं मला एकदाही मध्येच अडकवलं नाही. हिच्यावर नाही ठेवायचा विश्वास तर कुणावर?" सून तेव्हा घरात यायचीच होती. सासरे गेल्यावर ते शेअर सासूबाईंच्या नावावर आले. आता नशिबाचा खेळ बघा, सून त्याच कंपनीत, आणि तीही बातम्यांच्या टेबलावर! सासूबाईंना वाटलं, लॉटरीच लागली. पण सून ताकास तूर लावू देईल तर शपथ. सासूबाई कधी प्रेमानं विचारायच्या, कधी आडून, कधी थेट उलटतपासणी घ्यायच्या. उत्तर एकच, "आई, बाजारात जाहीर झालं की वाचा."

"काखेत कळसा नि गावाला वळसा," सासूबाई भांडी आपटत म्हणायच्या. "आमच्या घरची बातमी आम्ही पेपरात वाचायची!"

त्या वर्षी कंपनीचे दिवस वाईट आले होते. कारखाना बंद पडणार अशी आवई उठली होती. भाव रोज घसरत होता, आणि सासूबाईंचा जीव रोज थोडा थोडा खाली येत होता. सोमवारी संध्याकाळी त्यांनी तिला स्वयंपाकघरात गाठलं.

"एकच विचारते. ठेवू की विकू?"

"आई, मला नाही सांगता येत."

"बरं, बोलू नकोस. नुसती मान हलव."

"मान हलवणं म्हणजे सांगणंच झालं."

"मग मी गुरुवारी दलालाकडे जाते आणि विकून टाकते. ह्यांची आठवण म्हणून जपले होते. आता निदान पाण्यात तरी जायला नकोत."  त्या पाठ करून भांडी विसळायला लागल्या.

तिला तिथून हलवेना. कारण त्याच दुपारी, पहिल्यांदाच वेळेआधी, तिकडून कागद आला होता. कारखाना बंद होणार नव्हता. एका मोठ्या देशाच्या सगळ्या सरकारी दवाखान्यांत नवीन लिफ्ट बसवायचं काम कंपनीला मिळालं होतं. कैक वर्षं पुरेल इतकं काम! करारावर सही बुधवारी संध्याकाळी. गुरुवारी सकाळी आठला आजोबा फाटकावर सांगणार. आणि सचिवानं खाली लिहिलं होतं, इकडे जाहीर करायचा सहीचा कागद नेहमीप्रमाणे भाषणानंतर.

म्हणजे गुरुवारी सकाळी इकडे बाजार उघडणार, सासूबाई दलालाच्या खिडकीशी उभ्या राहणार, सासऱ्यांचे शेअर मातीमोलानं विकणार, आणि ते घेणार कुणाच्या तरी मेव्हण्याचा मित्र. सून बोलली तर कायद्यानं गुन्हेगार. नाही बोलली तर? नाही बोलली तर हे असं. धरलं तर चावतं, सोडलं तर पळतं! शिवाय ही तिसरी वेळ. सवलत जाणार, मुख्य कचेरी वैतागून इकडच्या बाजारातून नाव काढून घेणार, दोन खोल्यांना कुलूप लागणार, आणि त्या सगळ्या कागदांवर सही कुणाची? पोस्टमास्तरणीची.

मंगळवारी दुपारी तिनं पुन्हा पत्र लिहायला घेतलं. कलम अमुक, उपकलम तमुक. अर्ध्यावर आली आणि तिचं तिलाच हसू आलं, मग रागही आला. किती वर्षं आपण या माणसाला कलमं पाठवतोय? माणूस शब्दाला जागतोय आणि आपण त्याच्यावर आकडे फेकतोय. तिनं कागद चुरगाळला आणि सचिवाला डावलून थेट आजोबांना फोन लावला. हिशेबनिसाच्या हातातला कप हवेतच राहिला.

"कोण बोलतंय?" आजोबा घोगऱ्या आवाजात म्हणाले.

"इकडच्या कचेरीतून. तुम्हाला कलमं पाठवते ती बाई."

"कामगार आधी," आजोबांनी ऐकल्या ऐकल्या निकाल देऊन टाकला.

"कबूल. पण मला सांगा, कामगार म्हणजे कोण? माझे सासरे तुमच्या लिफ्टमध्ये आयुष्यभर स्टुलावर बसले. हातात लिफ्ट चालवायची तुमच्याच कारखान्याची दांडी. मरताना तुमचे शेअर मागे ठेवून गेले, कारण तुमच्या लिफ्टनं त्यांना कधी दगा दिला नाही. ते तुमचे कामगार की नाही?"

पलीकडे कागद बाजूला सारल्याचा आवाज आला.

"त्यांची बायको शेअर विकायला निघालीय. तिनं काय ऐकलंय ते तुम्हालाही ठाऊक आहे, नुसत्या अफवा. मी सांगू शकत नाही आणि सांगणार नाही. तिच्यासारखी इथे हजारो माणसं आहेत. तुमच्या आजोबांनी शब्द दिला तेव्हा त्यांची सगळी माणसं एका फाटकात मावत होती. आता फाटक थोडं मोठं करायला हवं, एवढंच म्हणते मी."

"आणि माझी माणसं सकाळी उठून रेडिओवर ऐकतील? कारखाना तरला, हे त्यांना निवेदक सांगणार? मला ते जमायचं नाही, बाई. मेलो तरी जमायचं नाही."

आणि इथे तिच्या डोक्यात लख्ख उजेड पडला. अरेच्चा! आपण इतकी वर्षं "एक तास आधी" मागतोय, पण नियमात "आधी" आहे कुठे? नियम म्हणतो, उशिरा नको. एक तास आधी ही आपल्या टेबलाची सोय होती, आपणच तिला नियम करून बसलो होतो. हट्टी काय एकटा म्हाताराच होता?

"आधी नको," ती म्हणाली. "बरोबर. घंटा वाजेल त्या क्षणी इकडे कागद. सकाळी बाजार उघडल्यापासून तोवर आपल्या शेअरचे व्यवहार थांबवून ठेवायचे. कुणी विकायचं नाही, कुणी घ्यायचं नाही. माझा कागद बाजारात पोचला की मी तुम्हाला फोनवर सांगेन, मग तुम्ही घंटा वाजवा."

"म्हणजे माझ्या फाटकावरची घंटा तू वाजवणार?" आजोबांच्या आवाजात राग होता की हसू, तिला कळेना.

"वाजवणार तुमचा जुना माणूसच. मी फक्त 'वाजवा' म्हणेन."

 मग आजोबा म्हणाले, "तुझ्या सासऱ्यांच्या इमारतीतली लिफ्ट, दांडी पितळेची होती?"

"पितळेची. रोज घासायचे ते."

"त्या दांडीचा घाट माझ्या बापानं घडवला होता. पाठव काय सही करायचीय ते."

तिनं फोन ठेवला. हिशेबनीस म्हणाला, "नोकरी गेली का?"

"नाही. अजून नाही."

"मग जाईल गुरुवारी," तो म्हणाला आणि पहिल्यांदाच स्वतः उठून तिला चहा करून दिला.

बाजारातला अधिकारी आणखी एक वल्ली. त्यानं अर्ज वाचला, चष्मा काढला, पुसला, पुन्हा वाचला. "तुम्ही स्वतःच सांगताय, व्यवहार थांबवा? परदेशी कंपन्या माझ्याकडे रडत येतात की थांबवू नका म्हणून."

"आम्ही हसत आलोय. शिक्का मारा."

"कागद वेळेवर नाही आला तर तिसरी चूक धरली जाईल, माहीत आहे ना?"

"पाठ आहे," ती म्हणाली.

गुरुवार उजाडला. बाजार उघडला आणि कंपनीच्या नावापुढे पाटी लागली, व्यवहार थांबवले आहेत. झालं, अफवांना पाय फुटले. थांबवलं म्हणजे बुडालीच! थोड्या वेळानं टेबलावरचा फोन वाजला. सासूबाई, दलालाच्या दुकानातून.

"अगं, थांबवलंय म्हणे! खिडकीवरचा माणूस विकूच देत नाही. बुडाली का गं कंपनी?"

"आई, मला काही सांगता येत नाही."

"म्हणजे बुडाली!"

"मी असं म्हटलं नाही."

"मग तरली?"

"तसंही म्हटलं नाही."

"देवा रे! ह्यांच्या कष्टाचे पैसे गं ते! आणि तू मला फक्त 'म्हटलं नाही, म्हटलं नाही' ऐकवतेस? माझ्या पोटची असतीस तर बोलली असतीस." फोन आपटला गेला.

तिच्या डोळ्यांत पाणी आलं. एक शब्द, फक्त एक शब्द ओठांवर होता. हिशेबनिसानं मान वळवून खिडकीबाहेर बघायला सुरुवात केली. तिनं डोळे पुसले आणि कागद पुन्हा एकदा वाचून काढला.

साडेबाराला थोडा वेळ उरला असताना तिकडचा फोन जोडला. तिनं तो मोठ्या आवाजावर टाकला. फाटकावर गर्दी जमली होती, ती ऐकू येत होती, खोकले, बुटांचे आवाज, दबकी कुजबुज. सचिव पुटपुटत होता, "अध्यक्ष बाकावर चढलेत. जुना माणूस दोरीशी उभा आहे."

"पाठवते," ती म्हणाली आणि बटण दाबलं.

पडद्यावर लाल अक्षरं आली. कागद नाकारला. जाहीर करायची वेळ उलटून गेली आहे.

"काय झालं?" हिशेबनीस उठून उभा राहिला.

"नाकारलं!" ती पडद्यावर बोट ठेवून म्हणाली. "वेळ उलटली म्हणतंय. कशी उलटेल? अजून व्हायचेत साडेबारा!"

"बाई," सचिव फोनवर कळवळला, "लोक बघतायत. सगळ्यांना वाटतंय कारखाना बंद झाला. अध्यक्ष किती थांबतील?"

तिनं पुन्हा सगळं तपासलं. कागद बरोबर, सही बरोबर, शिक्का बरोबर. हिशेबनीस तिच्या खांद्यावरून वाकून पडदा वाचत होता, आणि अचानक त्यानं कपाळावर हात मारला.

"अहो पोस्टमास्तरीणबाई, वेळेच्या रकान्यात काय भरलंत? सकाळचे आठ! इकडचे आठ केव्हाच वाजून गेले!"

बघा आता! सगळं जग एका घड्याळावर आणायला निघालेली बाई स्वतः मनगटावरच्या घड्याळात फसली होती. दुसऱ्या कुणाच्या हातून ही चूक झाली नसती. ती फक्त तिच्याच हातून व्हायची होती.

"साहेब," ती फोनवर ओरडली, "माझी चूक झालीय. दोन मिनिटं द्या. फक्त दोन मिनिटं!"

 मग आजोबांचा आवाज, तिच्यासाठी नाही, गर्दीसाठी. "थांबा जरा. आपली काही माणसं अजून फाटकावर पोचायचीयत. ती आली की सांगतो."

आणि ती सगळी गर्दी थांबली.  आयुष्यात कुणासाठी न थांबलेला म्हातारा बाकावर उभा राहून समुद्रापलीकडच्या एका लिफ्टमनच्या बायकोसाठी थांबला होता. तिनं रकाना खोडला, साडेबारा लिहिले, बटण दाबलं. पडद्यावर एक गोल फिरत राहिला. फिरतोय, फिरतोय, मेला थांबेचना! मग हिरवी अक्षरं. मिळाले. जाहीर केले.

"वाजवा!" ती इतक्या जोरात ओरडली की शेजारच्या कचेरीतली माणसं दारात आली. "वाजवा हो, वाजवा!"

आणि घंटा वाजली. फोनच्या त्या इवल्याशा भोकातून ठणठण करत ती दोन खोल्यांत शिरली. मग आजोबांची थोडीशीच वाक्यं, आणि मग जो गलका उठला, टाळ्या, शिट्ट्या, कुणीतरी ढसाढसा रडतंय, कुणीतरी टोपीनं बाक बडवतंय! हिशेबनीस, जो मंगळवारपासून नोकरी जाणार म्हणून सांगत होता, तो टेबलावर मुठी आपटत नाचायला लागला. ती खुर्चीत बसली आणि हसता हसता रडली. इतकी वर्षं टपालपेटी होती, आज घंटा वाजवली होती तिनं.

"बाई," फोनवर आजोबा धापा टाकत म्हणाले, "सगळी पोचली का आपली माणसं?"

"पोचली, साहेब. एकदम पोचली."

पुढचं तसं सगळ्यांना ठाऊक आहे. भाव असा उसळला की दलालाच्या दुकानात पेढीवरच्या माणसाला आवाज बसेपर्यंत ओरडावं लागलं. मंडळानं सवलत कायम ठेवली, आणि चष्मा पुसणाऱ्या अधिकाऱ्यानं स्वतः फोन करून विचारलं, ही तुमची घंटेची पद्धत जरा लिहून द्याल का, दुसऱ्या परदेशी कंपन्या विचारतायत. मुख्य कचेरीतून येणाऱ्या कागदांवर आता घंटेच्या वेळेपुढे लिहिलेलं असतं, बाईंनी "वाजवा" म्हटल्यावर.

पण त्या संध्याकाळी घरी जाताना तिला यातलं काही सुचत नव्हतं. तिच्या कानात एकच वाक्य होतं, माझ्या पोटची असतीस तर. सासूबाई आता काय म्हणतील? सकाळभर जीव टांगणीला लावला, आणि सून सगळं जाणून गप्प बसली होती. खालपासून वरपर्यंत कुणीही म्हणेल, एवढी कसली कडक, शेवटी सासूच ना?

इमारतीच्या दारात आली तर वरून सासूबाईंचा आवाज ऐकू आला. त्या पहिल्या वळणावर उभ्या होत्या, आणि समोर शिंपीकाका, गळ्यात टेप तसाच लोंबता. काका कडवटपणे म्हणत होते, "तुमचं काय हो, तुम्हाला घरातूनच कळलं असेल. तुम्ही कशाला विकताय!"

"कळलं असेल?" सासूबाईंचा आवाज इतका चढला की वरच्या मजल्यांवरची दारं उघडली. "अहो, मी सकाळी तिथे खिडकीशी उभी होते, विकायला! रडत होते. फोन केला हिला, हातापाया पडले म्हणा ना. एक शब्द नाही बोलली. सख्ख्या सासूला! साडेबाराला तुम्हाला कळलं ना? मलाही साडेबारालाच कळलं, तुमच्या एक क्षणही आधी नाही. मागच्या वेळी तुम्हाला वाटलं हिनं लपवलं. अहो, ही मला नाही सांगत, ती तुम्हाला फसवेल? अशी आहे माझी सून!"

शिंपीकाकांनी गळ्यातला टेप काढून हातात गुंडाळला आणि खाली बघितलं. ती दारात उभी होती. त्यांनी हात जोडले, बऱ्याच दिवसांनी तिच्याकडे बघून.

सासूबाईंनीही वळून बघितलं. चोरी पकडली गेल्यासारख्या जरा गोंधळल्या. मग तोंड वाकडं करून म्हणाल्या, "आलीस? किती वाजले?"

तिनं मनगटाकडे बघितलं, घड्याळ काढलं, काटे फिरवून इकडच्या वेळेवर आणले आणि सांगितलं, "सात, आई."